वाचकांचे प्रश्न : जागेवरचा प्रत्येक कोंब मूळव्याधीचा नसतो

‘जागेवर काहीतरी आलंय, ही मूळव्याधच ना?’ असं विचारणारी पत्रं या वेळी इतकी आली की हा अंक याच विषयाला दिला आहे. बऱ्याच जणांनी इंटरनेटवरची चित्रं पाहून स्वतःच निदान केलं आहे आणि त्यावर मलमही सुरू केलं आहे. चित्रं उपयोगी पडतात, पण काय पाहायचं ते माहीत असेल तरच. रंग कोणता, पृष्ठभाग ओला की कोरडा, दुखतं का, आणि कोंब आत जातो का, या चार गोष्टींवर बहुतेक उलगडा होतो. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : वय ३८, एसटी चालक. संडासला बसलो की लालभडक रक्त टपटप पडतं, दुखत मात्र अजिबात नाही. अलीकडे जोर केला की दोन कोंब बाहेर येतात आणि उठलं की आपोआप आत जातात. चित्रांत सगळे सारखेच दिसतात. माझा प्रकार कोणता?

तुमच्या वर्णनावरून ही अंतर्गत मूळव्याध आहे, दुसऱ्या श्रेणीची. तुमचं पत्र इतकं नेमकं आहे की त्याच्याच आधारे बाकीच्यांनाही प्रकार समजावून सांगता येतील.

गुदद्वाराच्या कडेपासून साधारण दोन सेंटिमीटर आत एक दातेरी रेषा असते. तिच्या वर आतड्याचं ओलसर अस्तर असतं आणि खाली त्वचा. वरच्या भागात टोचल्याची, कापल्याची वेदना कळत नाही. खालच्या त्वचेला मात्र बोटाच्या टोकाइतकी संवेदना असते. अंतर्गत मूळव्याध रेषेच्या वर उगवते, म्हणून रक्त भरपूर जातं आणि दुखत नाही. बाह्य मूळव्याध रेषेखाली, त्वचेच्या आड असते. म्हणून ती फुगली की माणूस बसू शकत नाही.

दिसायला अंतर्गत कोंब गुलाबी ते गडद लाल, ओला, चकचकीत आणि मऊ असतो. बोटाने दाबला तर दबतो. बाह्य कोंबावर नेहमीची त्वचा असते, त्यामुळे तो आजूबाजूच्या चामडीच्याच रंगाचा आणि कोरडा दिसतो. आत रक्त साकळलं तर मात्र निळा-जांभळा होतो. ओला आणि कोरडा हा फरक आधी पाहा. चित्रातही हाच फरक शोधायचा. काहींना दोन्ही प्रकार एकत्र असतात. मग आतल्या बाजूला ओला लाल भाग, बाहेरच्या बाजूला त्वचेचा भाग आणि मधे खाच दिसते.

अंतर्गत मूळव्याधीच्या चार श्रेणी कोंब बाहेर कसा येतो त्यावरून ठरतात, आकारावरून नाही. पहिलीत बाहेर काहीच दिसत नाही, फक्त रक्त जातं. त्यामुळे पहिल्या श्रेणीचं चित्र बाहेरून काढताच येत नाही, ती प्रॉक्टोस्कोप नावाची छोटी नळी घालूनच दिसते. दुसरीत कोंब जोर केल्यावर बाहेर येतो आणि आपला आपण आत जातो. तिसरीत तो बोटाने ढकलावा लागतो. चौथीत ढकलूनही आत राहत नाही. बराच काळ बाहेर राहिलेला कोंब कपड्याला घासून जाडसर आणि पांढुरका होतो, त्यातून चिकट पाणी येऊन चड्डी ओली राहते, खाज सुटते. हा पांढुरका थर पाहून लोक घाबरतात, तो घासण्याचा परिणाम असतो. पण चौथ्या श्रेणीतला कोंब अचानक सुजून गडद जांभळा किंवा काळा पडला आणि असह्य दुखू लागलं, तर त्याचा रक्तपुरवठा तुटू लागला आहे असं समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तो जबरदस्तीने आत कोंबू नये.

हे कोंब ठरावीक तीन जागी येतात : रुग्णाच्या डाव्या बाजूला एक, उजवीकडे मागे एक, उजवीकडे पुढे एक. डॉक्टरांच्या कागदावर ‘३, ७, ११’ असं लिहिलेलं असतं ते हेच. रुग्ण उताणा झोपला आहे असं धरून गुदद्वारावर घड्याळाची तबकडी मांडली जाते. १२ म्हणजे पुढची, लिंगाकडची बाजू, ६ म्हणजे माकडहाडाकडची.

पाहायचं असेल तर शौचाहून आल्या आल्या पाहा, कारण दुसऱ्या श्रेणीचा कोंब मिनिटभरात आत जातो. आरसा जमिनीवर ठेवून उकिडवं बसावं आणि बाजूने टॉर्च धरावा. घरच्या माणसाची मदत मिळत असेल तर डाव्या कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यावेत आणि मोबाइलवर फोटो काढून घ्यावा. हा फोटो डॉक्टरांना दाखवा. तपासणीच्या टेबलावर कोंब आत गेलेला असतो, आणि मग दुसरी की तिसरी श्रेणी हे फक्त तुमच्या शब्दावर ठरवावं लागतं.

उपचार. रोज पोटात २५ ते ३० ग्रॅम चोथा जायला हवा : ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, पेरू, सालीसकट काकडी. रात्री चहाचे दोन चमचे इसबगोल ग्लासभर पाण्यात ढवळून, ते फुगून घट्ट व्हायच्या आत प्यायचं आणि वर आणखी एक ग्लास पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोलच अडकून बसतं, आणि ‘इसबगोलने उलट खडा झाला’ ही तक्रार नेहमी इथूनच येते. पहिल्या आठवड्यात पोट फुगतं, म्हणून एका चमच्यापासून सुरुवात करावी. रक्त कमी झालेलं दिसायला सहा आठवडे लागू शकतात. लोक आठव्या दिवशी सोडून देतात. चालकांची खरी अडचण वेगळी आहे. वाटेत संडास मिळणार नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही आणि आलेली कळ दाबून धरायची. थांब्यावर पाच मिनिटं मिळाली तर ती आधी त्यासाठी वापरा. संडासात पाच मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही, मोबाइल बाहेर ठेवायचा.

एवढ्यावर रक्त थांबलं नाही तर दुसऱ्या श्रेणीला रबर बँड बसवणं हा चांगला उपाय आहे. बँड दातेरी रेषेच्या वर, संवेदना नसलेल्या भागात बसतो, म्हणून भूल लागत नाही. एक-दोन दिवस जडपणा, शौचाला झाल्यासारखं वाटतं. पाच ते दहा दिवसांत कोंब सुकून गळतो आणि तेव्हा थोडं रक्त जातं, हे अपेक्षित आहे. बसवताक्षणी तीव्र वेदना झाली तर बँड खाली बसला आहे, तो लगेच काढून घ्यायचा. नंतर ताप, वाढत जाणारं दुखणं आणि लघवी अडकणं असं एकत्र झालं तर रात्र असली तरी थांबायचं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

प्रश्न : बाळंतपणाला चार दिवस झाले. जागेवर बोराएवढी टणक निळी गाठ आली आहे. बसून बाळाला पाजता येत नाही. सासूबाई म्हणतात सुईने फोडून घे. काय करू?

सुई लावू नका, ताई. ही बाह्य मूळव्याधीत साकळलेल्या रक्ताची गाठ आहे. कळा देताना जोर पडला की ती येते. कडेलाच असलेली, ताणलेल्या त्वचेआड निळी-जांभळी दिसणारी, हाताला टणक, एका रात्रीत आलेली आणि भयंकर दुखणारी गाठ बहुतेक वेळा हीच असते. ती आत ढकलून जात नाही, कारण ती मुळात आतून आलेलीच नसते. ढकलत राहिल्याने फक्त सूज वाढते.

दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं, मग उतरू लागतं. सात ते दहा दिवसांत बसता येतं, गाठ पूर्ण जिरायला काही आठवडे जातात. पहिल्या ७२ तासांत वेदना असह्य असेल तर जागेपुरती भूल देऊन शल्यचिकित्सक वरच्या त्वचेसकट गाठ काढतात आणि लगेच आराम पडतो. त्यानंतर ती आपोआप जिरू लागलेली असते, कापण्यात फारसा फायदा उरत नाही. तुमचे चार दिवस उलटले आहेत, पत्र छापून येईपर्यंत दुखणं बरंच कमी झालेलं असेल. सुईचं छिद्र पुरत नाही, गुठळी आतच राहते, छिद्र मिटतं आणि वर जंतुसंसर्गाचा धोका. कधी कधी गाठ स्वतःच फुटते, काळपट गुठळी बाहेर येते आणि दुखणं एकदम कमी होतं. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं दाबून धरलं की रक्त थांबतं. थांबलं नाही तर दवाखान्यात जायचं.

घरी करायचं ते असं : रुंद टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं बसायचं. मनगटाला सोसेल इतपतच गरम. मीठ, डेटॉल काही घालायचं नाही. पोटॅशियम परमँगनेटचे खडे तर नकोतच, नीट न विरघळलेला खडा त्वचा भाजतो. बाळाला कुशीवर झोपून पाजा. पॅरासिटामॉल स्तनपानात चालते, आणि शौच मऊ करणारं लॅक्टुलोज द्रव आतड्यातच काम करतं, तेही चालतं. मात्रा तुमच्या प्रसूतितज्ज्ञांकडून घ्या. डिंक, मेथीचे लाडू सुरू असतील तर त्यासोबत पाणी आणि भाजी दुप्पट हवी. बाळंतिणीला ‘पाणी कमी पी, पोट सुटेल’ म्हणून ठेवतात, त्यात शौच खड्यासारखं होतं आणि सगळं परत सुरू होतं.

गाठ जिरल्यावर तिथे रिकामी सैल चामडी उरू शकते. ती दुखत नाही, वाढत नाही. स्वच्छतेला अडचण नसेल तर काढायची गरज नाही.

प्रश्न : वय २९. मागच्या बाजूला चामडीचं लोंबतं टोक आहे. शौचाच्या वेळी काच फिरल्यासारखं दुखतं, नंतर दोन तास आग होते. धुताना हाताला थोडं रक्त लागतं. दोन महिने मूळव्याधीचं मलम लावतेय, फरक नाही.

फरक पडणार कसा? हा आजारच वेगळा आहे. रक्त थोडं आणि दुखणं प्रचंड, तेही शौचानंतर तास-दोन तास, हे चिरेचं, म्हणजे फिशरचं लक्षण आहे. नितंब हलके बाजूला केले तर गुदद्वाराच्या कडेला, बहुतेकदा अगदी मागे माकडहाडाच्या रेषेत, उभी फट दिसते. नवी चीर लालसर आणि उथळ असते. सहा-आठ आठवड्यांपेक्षा जुनी झाली की कडा जाड होतात, तळाशी पांढुरके स्नायूंचे धागे दिसतात आणि फटीच्या बाहेरच्या टोकाला चामडी सुजून लोंबू लागते. तुमचं ‘टोक’ ते हेच. ते चिरेची खूण आहे. नुसतं ते कापून आणलं तर चीर जागेवरच राहते आणि दुखणंही.

कोमट पाण्यात बसणं आणि इसबगोल इथेही हवंच. त्याच्या जोडीला आतला आवळलेला स्नायू सैल करणारं मलम लागतं, उदाहरणार्थ डिल्टियाझेम दोन टक्के, दिवसातून दोनदा, सहा ते आठ आठवडे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. नायट्रोग्लिसरीनच्या मलमाने अनेकांचं डोकं दुखतं. मूळव्याधीच्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं. ते आठवडाभरापलीकडे लावलं तर त्वचा पातळ होते आणि चीर भरायला आणखी वेळ लागतो. तुमचं मलम आज बंद करा आणि ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवा. तिखटाने चीर पडत नाही, पण असलेली चीर झोंबते, म्हणून ठेचा काही दिवस बाजूला.

चीर मागे किंवा पुढे नसून बाजूला असेल, एकापेक्षा जास्त असतील किंवा दुखत नसेल, तर क्षयरोग किंवा क्रोन नावाचा आतड्याचा आजार यांची तपासणी करायला हवी.

प्रश्न : गुदद्वारापासून बोटभर अंतरावर पुटकुळी येते, फुटून पू जातो, महिनाभराने परत येते. मधुमेह आहे. ही मूळव्याध का?

नाही. मूळव्याधीतून पू येत नाही. हे भगंदर असण्याची शक्यता मोठी आहे. बाहेर एक बारीक छिद्र, त्याभोवती लालसर मांसल उंचवटा, आणि तिथून आत गुदनलिकेपर्यंत गेलेली नळी. छिद्र बुजलं की पू साचतो, ठणका लागतो, फुटलं की बरं वाटतं. औषधांनी नळी भरून येत नाही. एमआरआयने तिचा मार्ग पाहून शस्त्रक्रिया किंवा प्रशिक्षित आयुर्वेद शल्यतज्ज्ञांकडून क्षारसूत्र (नळीतून ओवलेला औषधी क्षाराचा दोरा), हे मार्ग आहेत. जागा लाल, गरम, ठणकणारी झाली आणि ताप आला तर तो गळू आहे. मधुमेहात तो झपाट्याने पसरतो. नुसत्या अँटिबायोटिकवर वाट न पाहता त्याच दिवशी निचरा करून घ्या.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा. शौचाच्या वेळी लाल गोळा बाहेर येतो, रक्तही जातं. लहान मुलांना मूळव्याध होते का?

फार क्वचित. या वयात दोन शक्यता आधी पाहायच्या. गोळा गोल, चेरीसारखा लाल, एकच आणि देठावर लोंबणारा असेल तर तो बहुधा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेली गाठ. दुखत नाही, रक्त अधूनमधून जातं. हा बहुतेकदा निरुपद्रवी असतो आणि दुर्बिणीतून काढता येतो. तो ओढू नका. दुसरी शक्यता अंग बाहेर येण्याची, म्हणजे गुदाशयाचं अस्तर पूर्ण वर्तुळात बाहेर येतं. त्यावर गोल गोल वळ्या दिसतात आणि मधोमध भोक. मूळव्याधीच्या कोंबांमध्ये खाचा मध्यापासून बाहेर, आऱ्यांसारख्या जातात. वळ्यांची ही दिशा मोठ्यांतही फरक ओळखायला उपयोगी पडते. अंग बाहेर आलं तर मुलाला कुशीवर घेऊन ओल्या मऊ कापडाने हलक्या, सलग दाबाने आत सारायचं. जंत, बद्धकोष्ठ, सततचे जुलाब, जुनाट खोकला यांपैकी कारण शोधून ते बरं केलं की बहुतेक मुलांत हे थांबतं. दोन्हींपैकी काहीही असलं तरी बालशल्यतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : वैद्य म्हणाले ‘रक्तज अर्श’, सर्जन म्हणाले ‘तिसरी श्रेणी’. दोघांपैकी कोणाचं खरं?

दोघांचंही असू शकतं, कारण मोजमाप वेगळं आहे. सुश्रुतसंहितेत अर्शाचे, म्हणजे मूळव्याधीचे, सहा प्रकार आहेत : वातज, पित्तज, कफज, रक्तज, सन्निपातज (तिन्ही दोषांचा) आणि सहज (जन्मजात). त्यांत दिसण्याचं वर्णन बारकाईने केलं आहे. रक्तज अर्श वडाच्या पारंब्यांच्या कोंबांसारखे, पोवळ्यासारखे, गुंजेसारखे लाल सांगितले आहेत. कफज पांढुरके, गोल, गुळगुळीत, फणसाच्या आठळीसारखे, न फुटणारे, न वाहणारे पण खाजणारे. रक्तज वाचताना बाहेर आलेली अंतर्गत मूळव्याध डोळ्यांसमोर उभी राहते. पण हे वर्गीकरण रंगरूप आणि दोषांवर आधारलेलं आहे, श्रेणी कोंब किती बाहेर येतो त्यावर. एकाचं दुसऱ्यात तंतोतंत रूपांतर होत नाही. सुश्रुतांनी उपायही चार सांगितले आहेत : भेषज (औषध), क्षार, अग्नी (डाग देणं) आणि शस्त्र. म्हणजे प्रत्येक अर्श औषधानेच बरा होतो असा आग्रह त्या परंपरेतही नाही.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहा. भिंतीवर ‘एका इंजेक्शनात मोड गळून पडतील’ असं लिहिलेल्या, पदवीचा पत्ता नसलेल्या दवाखान्यात जाऊ नका. तिथे जळजळीत द्रव टोचल्याने गुदद्वार आकसून पेन्सिलही जाणार नाही इतकं अरुंद होऊ शकतं. ते दुरुस्त करणं मूळ आजारापेक्षा कितीतरी अवघड जातं.

प्रश्न : वडील ५६ वर्षांचे. वर्षभर मूळव्याधीच्या गोळ्या चालू आहेत. आता रक्त शौचात मिसळून, शेंबडासारख्या चिकट स्रावासोबत येतं. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं, पोट साफ झालं असं वाटतच नाही. कोंब तर दिसतोय. मग मूळव्याधच ना?

हे पत्र आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. कोंब दिसतो म्हणून रक्त त्याच्यातूनच येतं असं नाही. मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं आणि शौच झाल्यावर थेंबाथेंबाने किंवा पिचकारीसारखं पडतं, शौचात कालवलेलं नसतं. मिसळलेलं रक्त, चिकट स्राव, शौचाच्या सवयीत झालेला बदल आणि पोट साफ न झाल्याची भावना, ही सगळी मिळून मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाची शंका घ्यायला लावतात. दुसरं काही निघूही शकतं, पण आधी तो नाही हे सिद्ध व्हायला हवं. वजन घटलं आहे का, चालताना धाप लागते का, तेही विचारा. गुदद्वारापाशीच टणक, खडबडीत, कडा उचललेला, न भरणारा व्रण दिसत असेल तर त्याचा तुकडा तपासायला पाठवायलाच हवा. कर्करोग हाताला टणक लागतो, मूळव्याध मऊ.

या आठवड्यातच जनरल सर्जन किंवा पोटविकारतज्ज्ञांकडे न्या. बोटाने तपासणी झाली पाहिजे. ती न करता कोणी पुन्हा गोळ्या लिहून दिल्या तर दुसरा डॉक्टर गाठा. गुदाशयातल्या खालच्या गाठी बोटालाच लागतात, त्या तपासणीला दोन मिनिटं आणि एक हातमोजा लागतो. त्याबरोबर हिमोग्लोबिन आणि मग कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून पाहणं. चाळिशी ओलांडलेल्या कोणाचंही रक्त नव्याने जाऊ लागलं, किंवा घरात आई-वडील, भावंडांना आतड्याचा कर्करोग झालेला असला, तर कोंब दिसत असूनही आतडं आतून पाहून घ्यावं. काळं, डांबरासारखं चिकट, दुर्गंधी शौच असेल तर रक्त जठराकडून येत असतं, ती तातडीची बाब. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं आणि बीट खाल्ल्यावर लाल दिसतं, म्हणून डॉक्टरांना हे दोन्ही आधी सांगा.

कोलोनोस्कोपीसाठी आदल्या दिवशी पातळ आहार आणि पोट साफ करणारं औषध दिलं जातं. ते सांगितलेल्या वेळेला पूर्ण पिणं जरुरीचं आहे. आतडं अर्धवट साफ असेल तर लहान गाठ झाकली जाते आणि तपासणी पुन्हा करावी लागते. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, कारण काळपट थर भिंतीला चिकटून राहतो. हृदयाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्या कधी, किती दिवस थांबवायच्या ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, आणि तो कागद तपासणीच्या दिवशी सोबत न्या.